एका पानावरच्या भुका

सकाळची धार काढून झाली, कॅन डेअरीवर गेला आणि ऊन तापायला अजून अवकाश आहे. हे मनन त्या मोकळ्या वेळात करायचं आहे. घासाच्या वाफ्याच्या कडेला, बांधावर पोतं टाकून बसा. दव आहे, पाय भिजतील, भिजू द्या. मोबाईल खिशातच राहू द्या. शहरात बसून वाचणाऱ्यांनी मनानं इथं यावं. सोलापूर जिल्ह्यातलं काळं रान, मार्गशीर्ष सरत आलेला, दोन दिवस भरून राहिलेलं आभाळ आज निवळलेलं आणि समोर चार गुंठे लसूणघास, कापणीला आलेला.

अळी शोधायला लगेच वाकू नका. आधी घास बघा.

एक काडी निवडा आणि तिच्यावरच थांबा. एका देठावर तीन पानं, मधल्या पानाचा देठ जरासा लांब, पानाच्या टोकाकडे बारीक दाते. दव या दात्यांवर आधी जमतं आणि सगळ्यात शेवटी सुकतं. नजर काडीवरून खाली न्या, जिथं मागच्या कापणीच्या विळ्याची खूण आहे. त्या बुडख्यातूनच हे सगळे फुटवे आले. बुडख्याखालचं दिसणार नाही, ते मनात धरा. भारी जमीन असेल तर घासाचं सोटमूळ माणसाच्या उंचीहून खोल जातं. मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हेक्टरी पंचवीस किलोच्या हिशेबानं हे बारीक बी पडलं, पन्नासेक दिवसांनी पहिली कापणी झाली, आणि आता दर तीन-साडेतीन आठवड्यांनी हा वाफा पुन्हा भरून येतो. नीट सांभाळला तर तीन वर्षं येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-88 हा वाण आपल्याकडं याच कामासाठी लावतात.

वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात हा हिरवा तुकडा उभा आहे. विहिरीचं, बोअरचं किंवा उजनीच्या कालव्याचं पाणी रात्रीच्या लाईटवर जागून कुणीतरी त्याला दिलंय. बाकी रानात ज्वारी आहे, हरभरा आहे, लांब कुठंतरी ऊस आहे. पण जनावरानं मान वर करून बघावं असं हिरवं या दिवसांत इथंच आहे. उत्तरेत याची जागा बरसीम घेतो. बरसीम मिसरमधून 1904 साली सिंधमध्ये आला आणि पुढं पंजाब-हरियाणाच्या हिवाळ्याचा मुख्य चारा झाला. त्याला लांब थंडी लागते. सोलापुरात थंडी येते तशी निघूनही जाते, म्हणून इथं भिस्त लसूणघासावर. दोघं शेंगवर्गातले, दोघांच्या पानांत प्रथिनं भरपूर. वाळवलेल्या लसूणघासात शंभरातले अठरा ते वीस भाग प्रथिनांचे निघतात. हा आकडा मनात असू द्या, कारण या पानावर जो कोणी येतो तो त्यासाठीच येतो.

आता डोळे पानांच्या उंचीवर आणा.

अळी आधी दिसत नाही, तिनं केलेलं काम दिसतं. शेंड्याच्या कोवळ्या पानाला भोक पडलेलं असतं. एखाद्या पानाची कड कुरतडलेली असते. त्याच्या खालच्या पानावर हिरवट-काळ्या बारीक लेंड्या पडलेल्या असतात. लेंडी बोटाच्या टोकानं दाबून बघा. ओली असली तर अळी वीतभर अंतरातच आहे. नजर तिथंच ठेवा आणि हलू नका. घाई केली, काडी हलवली, की ती अंग आकसून खाली मातीत पडते आणि मग दिवसभर सापडत नाही.

आणि मग ती दिसते. पानाच्या देठाला लागून, देठाच्याच रंगाची, बाजूनं एक फिकट पट्टा गेलेली. शेजारच्या हरभऱ्यावर असते तीच घाटेअळी. कुणी हिरवी, कुणी मातकट, कुणी तपकिरी. एकाच मादीच्या पोटच्या अळ्यांतही रंगांचा इतका फरक असतो, की नवख्याला त्या वेगवेगळ्या जातींच्या वाटाव्यात.

तिचं खाणं नीट बघा, घाई नाही. पानाची कड तिनं पुढच्या तीन जोड्या पायांत धरलीय. मागचे मांसल पाय देठाला घट्ट आहेत, त्यांच्या तळव्यांना सूक्ष्म आकड्या असतात. डोकं वर जातं, पानाच्या कडेला लागतं आणि कमानीत खाली उतरत येतं. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिचे जबडे आडवे चालतात, आपल्यासारखे वर-खाली चालत नाहीत. एका फेरीला पानाची एक बारीक कमान नाहीशी होते. मध्येच ती थांबते. का थांबली ते कळत नाही. पुन्हा सुरू करते.

तिला नाक नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक टिंबांची ओळ दिसेल, एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला नऊ. ती तिची श्वासाची छिद्रं. तिथून हवा बारीक नळ्यांवाटे थेट अंगभर जाते. तिला फुप्फुसं नाहीत, आणि हवा पोचवायचं काम तिच्या रक्ताला करावं लागत नाही. आता तुमच्या श्वासाकडे या. मोजू नका, लांबवू नका, फक्त नाकपुड्यांशी हवा किती गार लागते ते बघा. घासावरून येणारी हीच ओलसर हवा तिच्या अठरा छिद्रांतूनही जातेय. आपल्याला तिचा राग आहे, आणि तो खोटा नाही. तो असू द्या. रागाबरोबरच हा श्वासही चार घटका ध्यानात राहू द्या.

नशीब असेल तर एखादी न खाणारी अळी सापडेल. एका जागी चिकटून बसलेली, डोकं जरा फुगलेलं, अंगाचा रंग मंद. ती मेलेली नाही, आजारीही नाही. कातडं लहान झालंय म्हणून ती थांबलीय. आतलं अंग वाढलं, बाहेरचं कातडं ताणत नाही. काही तास असे गेले की मानेमागं कातडं फाटतं आणि जुन्या डोक्याचं कवच, लेकराचं टोपरं उतरावं तसं, पुढं सरकून गळून पडतं. नवं डोकं ओलं, फिकट आणि आधीच्याहून मोठं असतं. अंड्यातून निघते तेव्हा ती दीड मिलिमीटरची असते आणि पहिला घास बहुतेकदा अंड्याच्या टरफलाचाच घेते. पाच-सहा वेळा कातडं बदलून दोन-तीन आठवड्यांत ती दीड इंचापर्यंत जाते. तिच्या सबंध आयुष्यातलं बहुतेक खाणं शेवटच्या दोन अवस्थांत होतं. म्हणजे रस्त्यावरून जाताना वाफा खरवडल्यासारखा दिसला आणि कुणी म्हणालं, ‘अळी पडली रातोरात’, तेव्हा ती पंधरा दिवस तिथंच होती. रोज थोडी थोडी खात, पानाच्या रंगात मिसळून. बघणारं कुणी नव्हतं.

या ओळीपाशी थोडं रेंगाळा. आपण दररोज या वाफ्यात येतो. विळा चालतो, पेंढी बांधली जाते, भारा डोक्यावर जातो. रोज येऊनही न बघणं कसं होतं, ते आपलं आपल्याला तपासता येतं. माझ्या मते अळीच्या बंदोबस्तातलं निम्मं काम इथंच असतं, आणि त्याला पैसा लागत नाही.

दुसरी एक अळी आहे, तंबाखूची पानं खाणारी म्हणून पुस्तकात नोंदलेली. तिची मादी पानाच्या खालच्या बाजूला शेकडो अंडी एकाच पुंजक्यात घालते आणि वर आपल्या अंगाचे भुरकट केस पसरते. अळ्या निघाल्यावर पहिले काही दिवस झुंडीनं एकाच पानावर राहतात. पानाचा हिरवा भाग तेवढा खरवडतात, शिरा ठेवतात. असं जाळीदार झालेलं एक पान या वेळेला तोडलं तर शे-दोनशे अळ्या एका चिमटीत येतात. चार दिवसांनी त्याच अळ्या सगळ्या वाफ्यात पांगलेल्या असतात.

आता नजर वर घ्या, गोठ्याकडे.

तिथं म्हैस बांधलेली आहे. पंढरपुरी असेल तर लांब तलवारी शिंगं पाठीमागं खांद्यापलीकडं गेलेली. तिनं तुम्हाला वाफ्याशी बसलेलं बघितलंय. तिला घास हवाय, आणि का हवाय हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच अठरा-वीस टक्क्यांसाठी अळी रात्रभर चरते, त्यासाठीच म्हैस दाव्याला ओढ देते. एकच पान आणि भुका दोन. म्हशीच्या भुकेमागं तिसरी भूक आहे. तिच्या कासेशी रेडकू आहे. घरात लेकरू आहे, त्याच्या चहात-दुधात हे पान येतं. डेअरीवर फॅट लागते, त्यावर महिन्याचा किराणा, शाळेची फी, पतसंस्थेचा हप्ता. या सगळ्या भुका त्या दात्यांच्या पानावर येऊन टेकलेल्या आहेत. एकेक करून त्यांच्याकडे बघा. कुठली खरी आणि कुठली खोटी हे ठरवायचं नाही. सगळ्या खऱ्या आहेत.

सोलापूरनं हे एकदा फार कठीण वेळेला बघितलंय. 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याच्या भागात मक्यावर एक नवी अळी ओळखू आली. मूळची अमेरिकेची, 2016 साली आफ्रिकेत दिसलेली लष्करी अळी. तिचा पतंग वाऱ्याच्या साथीनं एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडतो. त्याच वर्षी सप्टेंबरात ती सोलापूर जिल्ह्यात तांदुळवाडीच्या मक्यात सापडली. महाराष्ट्रातल्या तिच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षराची खूण, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, आणि बसायची जागा मक्याच्या पोंग्यात, जिथं ना फवारा नीट पोचतो ना पाखराची चोच. आपल्याकडचा मका बराचसा जनावरांसाठीच असतो. हिरवा कापून घालायला, मुरघास करायला. त्या पावसाळ्यात पाऊसही दगा देऊन गेला. हातातला मका पोंग्यातून खाल्ला जात होता, आणि पुढं उन्हाळ्यात, 2019 साली, सांगोला-मंगळवेढा भागातली माणसं जनावरं घेऊन चारा छावण्यांत राहायला गेली होती. पत्र्याच्या आडोशाला बाज टाकून बायाबापड्या महिनोन्महिने तिथंच. उसाचं वाढं जनावराला वजनावर मिळत होतं.

त्या माणसाच्या जागी मनानं जरा वेळ बसा. पोंगा उघडतोय, आत ओल्या भुश्यासारखी विष्ठा साठलीय आणि त्यात ती अळी. आणि घरी दोन जनावरं. त्यानं दुकानातून जे मिळेल ते उचलून मारलं असेल, तर त्याला नावं ठेवायला आपलं तोंड धजावणार नाही. हेही मननातच येतं. अळीबद्दल दया बोलायला बांधावर बसणं सोपं असतं. ज्याचा चारा जातो त्याची भीती आधी समजून घ्यावी लागते, नाहीतर हे सगळं बोलणं पोकळ ठरतं.

श्वास घ्या. पुन्हा घासाकडे या. आता अळीशिवाय आणखी कोण आहे ते बघायचं आहे.

पानावर एक बारीकशी, राखी-पांढरी कोशी चिकटलेली दिसेल, तिच्यावर गडद डाग. तिला लागूनच वाळलेलं, सुरकुतलेलं अळीचं कातडं. इथं थांबा. हे या वाफ्यातलं सगळ्यात मोठं नाट्य आहे आणि ते कधीचं होऊन गेलंय. कॅम्पोलेटिस नावाची एक सडपातळ गांधीलमाशी आहे. माणसाला तिचा काही उपद्रव नाही. घाटेअळी अजून लहान असताना ही माशी तिला गाठते आणि तिच्या अंगात एक अंडं सोडते. अळी खात राहते. आतलं पिल्लू अळीला खात राहतं. अळी मोठी होऊन वाफा फस्त करायच्या वयाला पोचायच्या आत पिल्लू तिचं कातडं फोडून बाहेर येतं आणि तिच्या शेजारी आपली कोशी विणतं. त्या कोशीतून आणखी एक माशी निघणार आहे. अशा कोश्या वाफ्यात किती दिसतात, सावकाश शोधा. एखादी जरी दिसली तरी तुमच्या बाजूनं कुणीतरी कामाला लागलंय, आणि त्यानं मजुरी मागितलेली नाही.

आणखी शोधा. एखाद्या काडीच्या अगदी शेंड्यावर अळी मागच्या पायांनी लटकलेली असेल, डोकं खाली, अंग काळपट, मऊ, पातळ झालेलं. तिला हात लावू नका, कातडं फुटेल. तिला विषाणूनं मारलंय. एचएएनपीव्ही या नावानं तोच विषाणू बाटलीत मिळतो, कृषी विद्यापीठं हरभऱ्यासाठी कित्येक वर्षं त्याची शिफारस करत आली आहेत. मरायच्या आधी अळी शेंड्याकडे चढते. तिथं कातडं फुटलं की आतला द्रव खालच्या पानांवर ओघळतो, आणि ते पान खाणारी दुसरी अळी त्याच वाटेनं जाते. हा विषाणू माणसाला, म्हशीला, मधमाशीला, त्या कॅम्पोलेटिसलाही बाधत नाही. उन्हानं मात्र तो मरतो. म्हणून तो संध्याकाळी फवारायचा आणि त्यात कपड्यांची नीळ मिसळायची असं सांगतात.

वर तारेवर कोतवाल बसलाय. वेडे राघू फेऱ्या घालतायत. साळुंक्या पार वाफ्यात उतरल्यात आणि काड्यांमधून चालतायत. लांब ज्वारीवर भोरड्यांचा थवा वळला. ज्वारी राखणाऱ्याला भोरड्या डोळ्यांसमोर नकोत, तेही बरोबर आहे, पण दाणा भरायच्या आधीच्या दिवसांत याच भोरड्या रानातल्या अळ्या आणि नाकतोडे टिपतात. इथं वाफ्यात चार काटक्या आडव्या बांधून रोवल्या असत्या तर पाखरं आणखी जवळ बसली असती. त्याला खर्च फक्त उठण्याचा.

आता कठीण भाग आहे. त्याला थोडा जास्त वेळ द्या.

शेडच्या खुंटीला पाठीवरचा पंप टांगलाय. त्याच्याकडे बघा. तुमच्या हाताला तो उचलायचा आहे, हे ओळखा. हाताची ती ओढ दाबू नका, तिच्यामागं जा. ती ओढ भीतीतून येते. भीती नुकसानीची आहे, शेजारी काय म्हणेल याची आहे, काहीच न करता बसल्याची आहे. तिघींना वेगळं करून बघा. तिसरी भीती सगळ्यात जास्त जोर लावते असा माझा अनुभव आहे.

आता समजा पंप उचलला. घासाचा वाफा हरभऱ्यासारखा नसतो. हरभरा एकदा काढतात. औषधाच्या पत्रकात फवारणीनंतर काढणीपर्यंत अमुक दिवस थांबा असं छापलेलं असतं, आणि हरभऱ्यात ते दिवस पाळता येतात. घास रोज कापतात. आज हा वाफा, उद्या पुढचा, परवा त्याच्या पुढचा. थांबायला दिवसच नसतात. आज फवारलं ते उद्या दावणीत. दावणीतून कासेत, कासेतून कॅनमध्ये. चरबीत विरघळणारी कीटकनाशकं दुधाच्या सायीत उतरतात, ती उकळूनही जात नाहीत. डीडीटीनं हे जगाला शिकवलं. शेतीत डीडीटी भारतात 1989 साली बंद झालं. घाटेअळीवर आपल्याकडं सर्रास मारलं जाणारं एन्डोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं 2011 साली थांबलं. तोवर ते किती वर्षं किती वाफ्यांवर पडलं असेल, त्याची वही कुणी ठेवलेली नाही. आजची औषधं वेगळी, काही पुष्कळ सौम्य. तरी ज्या पत्रकावर घासाचं नावच नाही ते औषध घासावर मारताना आपण कुणाच्या भरवशावर मारतो, हा प्रश्न मनात उभा करा आणि त्याला उत्तर मिळेपर्यंत बसू नको म्हणा.

आणि अळीचं काय होतं, तेही बघून ठेवू. 1987 च्या हंगामात आंध्रात गुंटूर-प्रकाशमच्या कापूस पट्ट्यात घाटेअळीवर फवाऱ्यांमागून फवारे मारले, तरी ती मरेना. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं पचवायला ती शिकली होती. तिला खाणाऱ्या माश्या आणि पाखरं मात्र शिकली नव्हती. इथं या वाफ्यातही फवारा पडला, तर पानाच्या खाली दडलेली मोठी अळी वाचते आणि पानावर उघड्यावर असलेली ती सडपातळ माशी आधी मरते. त्या राखी कोशीकडे पुन्हा एकदा बघा आणि मग पंपाकडे बघा.

मला एक आक्का ठाऊक आहेत, भीमाकाठच्या एका गावच्या. दोन म्हशी, पाच-सहा गुंठे घास. एकदा त्यांच्या बांधावरून जाताना मी म्हटलं, “आक्का, अळी पडलीया की घासावर.”

त्यांनी विळ्याची धार अंगठ्यानं बघितली. “कुठल्या अंगाला?”

“ह्या कडंला, पाटाच्या.”

“मग ह्याच कडंनं कापायला लागती.”

“औषध मारायचं न्हाई?”

“म्हस ह्येच खाती, आन् पोरगं तिचंच दूध पितंय. मारू कुठं?”

त्या दिवशी त्यांनी ठरलेला वाफा सोडला आणि अळीचा वाफा कापला, चार दिवस आधीच. घास बांधावर पसरून ठेवला. दवाचा ओला घास तसाच खाल्ला तर म्हशीचं पोट फुगतं, म्हणून तो सुकवायचाच असतो. सुकायला लागला तशा अळ्या त्यातून बाहेर पडल्या आणि साळुंक्या आल्या. उरलेला घास आक्कांनी झटकून कडब्याच्या कुट्टीत मिसळला. कापलेल्या बुडख्यांवर मागं राहिलेल्या अळ्यांना खायला पान नव्हतं, लपायला सावली नव्हती. आक्कांनी कुठलं पुस्तक वाचलेलं नाही. घासाची पाळी साडेतीन आठवड्यांची आणि अळीचं अळीपण दोन-तीन आठवड्यांचं. मध्ये विळा चार दिवस अलीकडे आणला की अळीचा हिशेब चुकतो, हे त्या रोज वाफ्यात वाकून शिकल्यात.

याला कुणी अहिंसा म्हणू नये. त्या अळ्या मेल्या. उपाशी मेल्या, उन्हानं मेल्या, चोचीत मेल्या. आक्कांनी मारल्या असंही म्हणता येईल. हे टाळून पुढं जायचं नाही. डोळे मिटायचे असतील तर आत्ता मिटा आणि एवढंच मनात धरा, की दूध हवं असेल तर या वाफ्यात काहीतरी मरणार आहे. विळ्यानं मरणारं डोळ्यांसमोर मरतं आणि मोजकं मरतं. फवाऱ्यानं मरणारं आपल्याला दिसत नाही, आणि कुठपर्यंत मरत जातं तेही दिसत नाही. मी विळ्याच्या बाजूचा आहे. हे मी नीट विचार करून म्हणतो, आणि ज्याच्यावर 2018 सारखी वेळ आली त्याच्यापुढं हाच आग्रह धरणार नाही, हेही म्हणतो.

इथून अरण फार लांब नाही. माढा तालुक्यात, मोडनिंबच्या जवळ. संत सावता माळी महाराजांची समाधी तिथं आहे, शके 1217, म्हणजे 1295 सालची. पंढरपूर एवढं जवळ, तरी त्यांनी मळा सोडला नाही अशी परंपरा सांगते, आणि आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. माळ्याच्या पाल्यावर अळी पडतेच. त्यांच्याही पडली असणार. पाल्यात देव बघणाऱ्या माणसानं अळीवाल्या पानाशी काय केलं असेल, हे कुठं लिहिलेलं नाही, आणि मी त्याचं उत्तर रचणार नाही. प्रश्न मात्र हवा तेवढा वेळ मनात राहू द्या. पान तोडताना त्यांचे डोळे उघडे होते, एवढं मी मानतो.

आता ऊन अंगावर आलंय. दव उडालं. अळ्या पानांच्या खाली, बुडाशी जायला लागल्या, आता संध्याकाळपर्यंत त्या फारशा दिसणार नाहीत. उठायच्या आधी वाफ्यात एक फेरी मारा, पाय हळू टाका. पाच ठिकाणी वाका. कुठं अळ्या दाट आहेत, कुठं कोश्या आहेत, कुठं जाळीदार पान आहे, ते ध्यानात घ्या. जाळीदार पानं तोडून घ्या. आजची कापणी दाट अळीच्या बाजूनं सुरू करा. सगळा वाफा एकदम भुईसपाट करू नका, कोश्या दिसलेल्या दोन ओळी आठवडाभर उभ्या ठेवा. त्या माश्यांना निघायला तेवढे दिवस लागतात, आणि पुढच्या फुटव्यावर त्या हव्यात. तरीही अळी हाताबाहेर जातेय असं दिसलं, तर संध्याकाळी निंबोळी अर्क पाच टक्क्यांचा, नाहीतर घाटेअळी असेल तर तो विषाणू. पण ते उद्याच्या पाहणीनंतर ठरवा.

आणि शेजाऱ्याकडे जा. त्याच्या हरभऱ्यावरचे पतंग रात्री तुमच्या घासावर येतात, तुमच्या घासावरचे त्याच्या हरभऱ्यावर. बांध त्यांना दिसत नाही. हरभऱ्यात एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या सापडल्या की उपाय करायची वेळ आली असं धरतात. त्यानं मोजल्यात का विचारा. मोजल्या नसतील तर त्याच्याबरोबर ओळीत उतरा आणि दोघं मिळून मोजा. कोशी दाखवा, ती काय आहे ते सांगा. त्यानं पंप भरलेला असेल तर वाद घालू नका. आज वारा कुठल्या अंगाचा आहे तेवढं विचारा आणि तुमचा घास त्या बाजूला असेल तर तो आधी कापून न्या.